प्राणवायूची मात्रा

ज्या वायूला आपल्या भाषेने ‘प्राणवायू’ असे गोड नाव दिले, त्याच वायूचा एक फाजील घोट घेतला की प्राण सोडणारी एक वस्तू या जगात आहे, असे मी म्हटले तर वाचक हसतील. पण खरी मौज पुढेच आहे. त्या वस्तूच्या अंगी जी काही करामत आहे, तीदेखील याच वायूच्या अत्यल्प मात्रेमुळे येते! मात्रा कमी पडली तर ती वस्तू अर्धवट झोपेत राहते, बरोबर लागू पडली तर अंधारातले पाहू लागते आणि जास्त झाली की मरते. ऐन दिवाळीत चकलीच्या भाजणीत मोहन घालणाऱ्या गृहिणीला यातले मर्म वेगळे समजावून सांगावयास नको. मोहन कमी तर चकली कडक, जास्त तर तेलात विरघळली!

या वस्तूचे नाव फोटोकॅथोड. प्रकाश पडताच जिच्यातून इलेक्ट्रॉन बाहेर उडतात अशी ही एक चकती. नखाएवढी, फार तर रुपयाएवढी. सीमेवर अमावास्येच्या रात्री पहारा करणाऱ्या जवानाच्या दुर्बिणीत ती असते आणि अणूच्या गाभ्याचा ठाव घेणाऱ्या मैल मैल लांबीच्या यंत्राच्या तोंडाशीही तीच असते. माझ्या आयुष्याची उमेदीची वर्षे अशा चकत्यांच्या आणि त्यांच्याभोवतीच्या निर्वातयंत्रांच्या सहवासात गेली. तेव्हा त्यांच्या पथ्यापाण्याची हकीकत सांगण्याचा थोडाफार अधिकार मला आहे, असे समजून वाचकांनी पुढे वाचावे.

प्रकाशाचा टोला

प्रकाशाने धातूतून विद्युत्कण बाहेर काढता येतात, याची पहिली चाहूल जर्मन शास्त्रज्ञ हाइन्रिख हर्ट्‌झ याला १८८७ साली लागली. १९०५ साली आइन्स्टाइनने तिचा अर्थ लावला. प्रकाश सुट्या सुट्या कणांनी येतो. एक प्रकाशकण एका इलेक्ट्रॉनला एक टोला देतो. टोला पुरेसा जोरदार असला तर इलेक्ट्रॉन घराबाहेर पडतो. याच विवेचनासाठी पुढे आइन्स्टाइनला १९२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

घराबाहेर पडावयाचे तर उंबरठा ओलांडला पाहिजे. बहुतेक धातूंचे उंबरठे इतके उंच, की डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाचा टोला तेथे अपुरा पडतो. अतिनील किरणच लागतात. तांबड्या प्रकाशाचा कण तर बिचारा फारच दुबळा. आणि रात्रीच्या आकाशातून जो काही मंद प्रकाश जमिनीवर उतरतो, त्यात तांबड्याचा आणि तांबड्यापलीकडच्या अदृश्य अवरक्त किरणांचा भरणा मोठा असतो. म्हणजे अंधारात पाहावयाचे असेल तर उंबरठा खाली आणण्यावाचून गत्यंतर नाही.

हा उंबरठा खाली आणणारा जादूगार म्हणजे सिझियम हा धातू. बुन्सेन आणि किर्कहॉफ या जोडीने १८६० साली एका खनिज झऱ्याच्या पाण्यात तो शोधून काढला. त्याच्या वर्णपटातील आकाशी रेषांवरून त्याचे नाव पडले. हा धातू मोठा तापट! हवेत उघडा ठेवला की पेट घेतो, पाण्यात टाकला की स्फोट करतो. वितळतो किती उष्णतेला? अवघ्या साडेअठ्ठावीस अंश सेंटिग्रेडला. मे महिन्यात मुंबईच्या एखाद्या कपाटात त्याची बंद कुपी ठेवली, तर आत सोनेरी पाणी झालेले दिसेल. इतर वस्तूंना स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊन टाकण्याच्या बाबतीत त्याच्याइतका दानशूर धातू क्वचितच सापडेल, आणि हे दातृत्वच आपल्या उपयोगी पडते.

बोलपटाचा कान

अमेरिकेत १९३० च्या सुमारास कोलर नावाच्या संशोधकाने चांदी, प्राणवायू आणि सिझियम यांचे त्रिकूट जमवले. चांदीचा पातळ थर घ्यावयाचा, प्राणवायूत विजेची दीप्ती पेटवून तो किंचित गंजवावयाचा आणि मग त्यावर सिझियमची वाफ सोडावयाची. या गंजक्या चांदीचे गुण नुसत्या चांदीत शोधून सापडत नाहीत. तांबडा प्रकाशच काय, अवरक्त किरणसुद्धा तिला दिसू लागले. शंभर प्रकाशकणांमागे एक इलेक्ट्रॉनदेखील निघत नसे, ही गोष्ट खरी. पण काहीच न दिसण्यापेक्षा तेवढे दिसणे पुष्कळ होते.

वाचकांपैकी वडीलधाऱ्यांनी हिचे काम पाहिले नसले तरी ऐकले नक्कीच असेल. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला, तेव्हापासून कित्येक दशके चित्रपटगृहाच्या यंत्रघरात फिल्मच्या कडेची ध्वनिपट्टी वाचण्याचे काम फोटोसेल करत असे. दिव्याचा किरण त्या पट्टीतून जाई, कमीजास्त होत फोटोसेलवर पडे, आणि त्या चढउताराचे पुढे शब्द आणि गाणी होत. साध्या दिव्याचा प्रकाश तांबूस असतो, म्हणून तेथे हे चांदी-सिझियमचे त्रिकूटच सोयीचे ठरले.

या फोटोसेलमध्ये वायूचा आणखी एक प्रताप दिसत असे. पुष्कळ नळ्यांत मुद्दाम थोडा अरगॉन भरलेला असे. अरगॉन हा स्वभावाने संन्यासी. कोणाशी संयोग पावत नाही. पण धावत्या इलेक्ट्रॉनने त्याच्या अणूला धडक दिली, की त्यातून आणखी एक इलेक्ट्रॉन सुटतो, तोही धावू लागतो आणि मूळचा प्रवाह पाच-दहा पट होतो. फुकटात मिळालेली बढतीच म्हणा! मात्र जगात फुकट काही मिळत नाही. इलेक्ट्रॉन गमावलेला अरगॉनचा अणू धनभारित होतो आणि उलट्या पावली येऊन कॅथोडवर आदळतो. व्होल्टेज जरा जास्त ठेवले की हा मारा वाढे आणि नळीचे आयुष्य घटे. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे ती मोठ्या रूपात भेटणार आहे.

या साऱ्या काळात शोध लागत होते ते हाताच्या गुणाने आणि नशिबाने. अमेरिकेतील आर.सी.ए. कंपनीच्या प्रयोगशाळेत सॉमर या शास्त्रज्ञाला १९५५ साली अनेक क्षारधातूंचे मिश्रण असलेला उत्तम फोटोकॅथोड सापडला, तोही योगायोगाने. पुढे १९८३ साली याच सॉमरने फोटोकॅथोडच्या संशोधनात नशिबाचा वाटा किती, यावर एक लेखच लिहिला. आयुष्यभर एका विषयात मुरलेल्या माणसाने नशिबाचे ऋण असे उघडपणे मान्य करावे, याचे मला फार कौतुक वाटते.

उंबरठा जमिनीखाली गेला

मग १९६५ साल उजाडले. हॉलंडातील फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत शीर आणि फान लार या दोघांनी गॅलियम आर्सेनाइड नावाचा अर्धवाहक स्फटिक घेतला. अर्धवाहक म्हणजे धातूइतकी वीज वाहू न देणारा आणि काचेइतका अडवूनही न धरणारा पदार्थ. हा स्फटिक त्यांनी निर्वातातच फोडला, त्याच्या ताज्या कोऱ्या पृष्ठभागावर सिझियमचा जेमतेम एका अणूच्या जाडीचा थर बसवला आणि काय घडते ते पाहिले.

एरवी या स्फटिकात, टोला खाऊन मोकळ्या झालेल्या इलेक्ट्रॉनलाही बाहेर पडण्यासाठी सुमारे चार इलेक्ट्रॉन-व्होल्टचा चढ चढावा लागतो. सिझियमने तो जवळजवळ सपाट केला. त्यानंतर १९६८ साली टर्नबुल आणि इव्हान्स यांनी सिझियमला प्राणवायूची जोड दिली, आणि उंबरठा चक्क अंगणाच्या पातळीच्या खाली गेला! म्हणजे घरातली जमीन उंच आणि बाहेरचे अंगण सखल. आता इलेक्ट्रॉनला उडी मारावयास नको. भटकत भटकत दारापर्यंत आला की तो आपोआप बाहेर घरंगळतो.

याचा फायदा किती झाला पाहा. धातूतला इलेक्ट्रॉन टोल्याची शक्ती क्षणार्धात गमावून बसतो. पृष्ठभागाच्या अगदी लगतचे तेवढेच सुटतात. पण या स्फटिकात दमलेभागलेले इलेक्ट्रॉनसुद्धा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतक्या खोलीवरून चालत येतात आणि बाहेर पडतात. अणूंच्या जगात हे अंतर म्हणजे पंढरीची पायी वारीच! त्यामुळे चांगल्या चकतीतून शंभर प्रकाशकणांमागे दहा-वीस इलेक्ट्रॉन सहज मिळू लागले.

अंधाऱ्या खोलीतील खेळ

ही मात्रा द्यावयाची कशी? हा विधी मी अनेकदा केला आहे आणि आजही तो आठवला की बोटे शिवशिवतात.

प्रथम स्फटिकाला रसायनांनी स्नान. मग त्याला पोलादी निर्वातपात्रात बसवावयाचे, पात्रातील हवा उपसावयाची आणि सबंध पात्र भट्टीत घातल्यासारखे दोनशे अंशांच्या वर दिवसदिवस तापवावयाचे. पोलादाच्या भिंतींना चिकटलेली पाण्याची वाफ घालवण्याचा दुसरा उपाय नाही. नंतर खुद्द स्फटिकाला साडेपाचशे ते सहाशे अंशांपर्यंत तापवून त्याच्या अंगावरचा उरलासुरला गंज उडवून लावावयाचा. अलीकडे या कामी हायड्रोजनची मदत घेतात. हायड्रोजनचे सुटे अणू सोडले की ते परटासारखे पृष्ठभाग धुऊन काढतात, आणि तेही कमी उष्णतेत.

स्फटिक निवला की खोलीतले दिवे मालवावयाचे, त्याच्यावर एक ठरावीक किरण सोडावयाचा आणि विद्युत्प्रवाह मोजणाऱ्या काट्यावर नजर ठेवावयाची. सिझियमची वाफ हळूहळू सुटू लागते. काटा पहिल्यांदा ढिम्म हलत नाही. मग एकाएकी चढू लागतो, शिखर गाठतो आणि उतरू लागतो. सिझियम जास्त झाले! प्रवाह निम्म्यावर आला की प्राणवायूचा सूक्ष्म झडपेतून एक श्वास सोडावयाचा. काटा पुन्हा चढतो आणि मघाच्या शिखराच्याही वर जातो. पुन्हा थोडे सिझियम, पुन्हा थोडा प्राणवायू. काटा खाली-वर, खाली-वर, आणि दर फेरीला शिखर थोडे उंच. दोरीवर खालीवर होणाऱ्या भिंगरीसारख्या ‘यो-यो’ या खेळण्याचेच नाव परदेशी प्रयोगशाळांनी या रीतीला दिले आहे.

आमच्याकडचे एक वयस्क तंत्रज्ञ या कामात मोठे तरबेज. शिक्षण बेताचे, पण हात सोन्याचा. मी आकडे लिहीत असे आणि ते झडपेशी बसत. एकदा शिखर अजून आलेले दिसत नव्हते तोच त्यांनी झडप बंद केली.

“अहो, अजून चढतोय की काटा!” मी म्हणालो.

“चढतोय साहेब, पण दम लागल्यासारखा चढतोय,” ते म्हणाले. “दूध उतू जाण्याच्या आधी गॅस बारीक करावा लागतो. उतू गेल्यावर करून काय फायदा?”

आणि खरोखरच झडप बंद झाल्यावर काटा आणखी चार घरे चढून स्थिर झाला. नळीत उरलेल्या वायूचा हिशेब त्यांनी मनातल्या मनात धरला होता. हे ज्ञान कोठल्या पुस्तकात सापडणार?

काही ठिकाणी प्राणवायूच्या ऐवजी नायट्रोजन ट्रायफ्लोराइड वापरतात. त्यातील नायट्रोजन नुसता हमाल. फ्लोरिन पृष्ठभागावर पोचवला की तो निघून जातो. काम तेच: सिझियमने दिलेला इलेक्ट्रॉन पकडून ठेवणारा एक लोभी जोडीदार पुरवावयाचा.

कोण मित्र, कोण शत्रू

इतक्या सायासाने जागी केलेली चकती टिकते किती? येथे वायूंच्या जातकुळीचा प्रश्न येतो. जपानमध्ये १९९० साली आणि नंतर इंग्लंडमध्येही संशोधकांनी एकेक वायू मुद्दाम थोडा थोडा सोडून चकतीची नाडी पाहिली. त्यांतून निघालेला निष्कर्ष थोडक्यात असा: हायड्रोजन, नायट्रोजन आणि मिथेन हे अल्प प्रमाणात असले तर चकती त्यांची फारशी दखल घेत नाही. पाण्याची वाफ, कार्बन डाय-ऑक्साइड आणि प्राणवायू हे मात्र तिचे काळ.

कारण उघड आहे. या तिघांजवळही प्राणवायूचा अणू आहे आणि सिझियम त्याच्यासाठी हपापलेले. मात्रा देताना तोच अणू योग्य जागी, योग्य प्रमाणात बसतो. नंतर आगंतुकासारखा आला की सिझियमशी भलत्याच जागी संसार थाटतो, बेत बिघडतो आणि उंबरठा पुन्हा वर येऊ लागतो. आपण ज्या उच्छ्वासाला निरुपद्रवी समजतो त्यात पाण्याची वाफ आणि कार्बन डाय-ऑक्साइड दोन्ही भरपूर. या चकतीवर माणसाने एक फुंकर घातली तर तिचे भस्म होण्यास तेवढे पुरे.

एक दिलासा आहे. अशा रीतीने थकलेल्या चकतीला पुन्हा थोडे सिझियम पाजले तर ती बऱ्याच अंशी शुद्धीवर येते. पण दर वेळी थोडी कमी. काही फेऱ्यांनंतर पुन्हा भट्टी, पुन्हा सगळे पहिल्यापासून.

मी ज्या प्रयोगशाळेत होतो तेथे एका पावसाळी रात्री वीज गेली आणि जनित्र चालू झालेच नाही. पंप थंडावले. पात्र घट्ट बंद होते, हवेचा शिरकाव कोठूनही नव्हता. तरी भिंतींतून झिरपणाऱ्या वायूंनी काही तासांत आपला कार्यभाग साधला. आठ दिवस खपून तयार केलेली चकती सकाळी पाहिली तो काटा शून्याला टेकलेला. दिसण्यात मात्र काडीचाही फरक नाही; तीच काळसर आरशासारखी चमक. काही मृत्यू डोळ्यांना दिसत नाहीत ते असे.

पोकळीचे गणित

वाचक म्हणतील, एवढी पोकळी निर्माण केल्यावर वायू उरतोच कोठे? हे गणित मोठे गमतीचे आहे.

आपल्या भोवतालच्या हवेचा दाब पाऱ्याचा सुमारे ७६० मिलिमीटर उंचीचा स्तंभ तोलून धरतो. त्यातील एका मिलिमीटरच्या दाबाला ‘टॉर’ म्हणतात. साध्या हवेच्या एका घनसेंटिमीटरमध्ये, म्हणजे चण्याच्या दोन-तीन दाण्यांएवढ्या जागेत, २५ वर अठरा शून्ये इतके रेणू असतात. आमच्या पात्रात दाब एका टॉरच्या दहा हजार कोटीव्या भागापर्यंत उतरवलेला असे. तरीसुद्धा त्याच घनसेंटिमीटरमध्ये तीन लाखांवर रेणू शिल्लक राहतातच!

आता आघाताचा हिशेब पाहू. दाब टॉरचा दहा लाखावा भाग असेल, तर पृष्ठभागावरील प्रत्येक अणूच्या वाट्याला दर सेकंदास साधारण एक रेणू येऊन आदळतो. तो चिकटला तर एका सेकंदात सबंध पृष्ठभाग झाकला गेला म्हणून समजा. दाब आणखी एक लाख पटींनी उतरवला की हीच मुदत एक लाख सेकंदांवर जाते, म्हणजे अठ्ठावीस तासांच्या आसपास. निर्वात म्हणजे शत्रूचा नायनाट नव्हे. ती फक्त मिळवलेली मुदत आहे. आमचा सगळा धंदा या मुदतीवर चालतो.

उलटून येणारी गोळी

हायड्रोजन निरुपद्रवी, असे मी वर म्हटले. ते चकती स्वस्थ बसली असताना खरे. तिला कामाला जुंपले की चित्र पालटते.

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातील न्यूपोर्ट न्यूज या गावी जेफर्सन प्रयोगशाळा आहे. तेथे गॅलियम आर्सेनाइडच्या चकतीवर लेसरचा किरण टाकून इलेक्ट्रॉनांचा झोत काढतात आणि अब्जावधी व्होल्टच्या पुढच्या प्रवासाला लावून देतात. दारातून निघतानाच इलेक्ट्रॉन एक लाखाहून अधिक व्होल्टच्या दाबाखाली सुसाट धावत असतात. वाटेत उरलासुरला हायड्रोजनचा रेणू भेटला की त्याला धडक बसते, तो धनभारित होतो आणि इलेक्ट्रॉन ज्या वाटेने आला त्याच वाटेने उलट फिरून चकतीवर गोळीसारखा आदळतो. जुन्या बोलपटाच्या नळीतील अरगॉनचीच ही मोठी आवृत्ती! तो सिझियम उडवून लावतो आणि खाली स्फटिकालाही जखमा करतो. लेसर जेथे पडतो तेथपासून चकतीच्या मध्याकडे जाणारा एक निकामी झालेला ओरखडा तेथील शास्त्रज्ञांना मोजणीत स्पष्ट दिसू लागला.

म्हणून चकतीचे वय तेथे दिवसांत मोजत नाहीत; तिने एकूण किती विद्युत्भार दिला यावर मोजतात. उपाय दोनच. किरण हलवून चकतीचा नवा, कोरा भाग वापरावयाचा, आणि निर्वात आणखी सखोल करावयाचा. दुसऱ्या उपायासाठी झिर्कोनियम, टायटॅनियम, व्हॅनेडियम अशा धातूंच्या मिश्रणाच्या पट्ट्या पात्रात बसवतात. त्या हायड्रोजनला स्पंजासारख्या शोषून घेतात. चकती तीच, मात्राही तीच. तरी केवळ शेजार सुधारल्याने तिचे आयुष्य किती तरी पटींनी वाढले.

एवढा अट्टहास कशासाठी?

साध्या तारेला तापवूनही इलेक्ट्रॉन मिळतात. मग ही नाजूक चकती हवीच कशाला, असा प्रश्न एखाद्या चौकस मुलाने विचारला तर तो रास्तच आहे. त्याचे उत्तर १९७८ साली मिळाले.

इलेक्ट्रॉन हा स्वतःभोवती फिरणाऱ्या भोवऱ्यासारखा वागतो. डाव्या अंगाचा किंवा उजव्या अंगाचा. गॅलियम आर्सेनाइडवर विशिष्ट रीतीने वळवलेला लेसरचा प्रकाश टाकला, तर निघणाऱ्या इलेक्ट्रॉनांत एका अंगाचे भोवरे बहुसंख्य करता येतात, आणि प्रकाशाचा वळसा पालटला की भोवरेही पालटतात. तापल्या तारेला हे कदापि साधणार नाही. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्डच्या रेषीय त्वरकयंत्रावर प्रेस्कॉट, टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा चकतीतून काढलेले इलेक्ट्रॉन जड हायड्रोजनवर आदळवले. निसर्ग डाव्या-उजव्यात भेदभाव करतो काय, एवढाच त्यांचा प्रश्न होता. भेद दिसला. दहा हजारांत एकाच्या आसपास, पण निश्चित!

विद्युत्चुंबकीय बल आणि अणुगर्भातील दुर्बल बल ही एकाच मुळाची दोन रूपे आहेत, या सिद्धान्ताला त्या सूक्ष्म भेदाने मोठे बळ मिळाले. दुसऱ्याच वर्षी, १९७९ साली, ग्लॅशो, वाइनबर्ग आणि अविभाजित पंजाबात जन्मलेले अब्दुस सलाम यांना नोबेल पारितोषिक मिळाले. विश्वाच्या घडणीविषयीचा एवढा मोठा निवाडा, आणि साक्षीदार कोण, तर एका अणूच्या जाडीचे सिझियम!

रात्रीच्या दुर्बिणींचा व्यवहार अधिक परिचयाचा. तिसऱ्या पिढीच्या म्हणून ज्या नळ्या ओळखल्या जातात, त्यांत हीच गॅलियम आर्सेनाइडची चकती असते. चकतीतून निघालेले इलेक्ट्रॉन पुढे लक्षावधी सूक्ष्म छिद्रांच्या एका काचेच्या तबकडीत शिरून हजारो पटींनी वाढतात. पण त्या तबकडीतूनही वायूचे रेणू सुटतात आणि चकतीकडे उलटे फिरतात. म्हणून मध्ये ॲल्युमिनियम ऑक्साइडचा अतितलम पडदा लावतात. पडद्यात काही इलेक्ट्रॉन अडकतात, चित्र थोडे मंदावते. परंतु चकती हजारो तास जगते. डोळे थोडे मिटून घेऊन दृष्टी राखावयाची, असा हा सौदा.

रात्रिदृष्टीच्या नळ्यांची विद्या आपल्या दाराशीही आली आहे. पुण्याजवळ भोसरीला भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या छत्राखालचा, १९९० साली स्थापन झालेला एक कारखाना अशा नळ्या बनवत आला आहे. सीमेवरच्या बर्फात आपला एखादा भाचा-पुतण्या रात्रीचा पहारा करत असेल, तर त्याच्या दृष्टीची मदार काही काचेच्या नळ्यांवर आणि त्यांतील वायूंच्या बंदोबस्तावर आहे, हे ध्यानी असू द्यावे.

अजून वाद मिटलेला नाही

आता शेवटचा प्रश्न. प्राणवायूची ती मात्रा नेमकी लागू पडते कशी? पन्नास वर्षांहून अधिक काळ ती रोज दिली जात आहे, आणि तरीही पंडितांचे एकमत नाही! एक पक्ष म्हणतो, सिझियमवर धनभार आणि प्राणवायूवर ऋणभार येऊन त्यांच्या जोड्यांचा दुहेरी थर बनतो, तोच इलेक्ट्रॉनला बाहेर ओढतो. दुसरा म्हणतो, सिझियम आणि प्राणवायू मिळून एक स्वतंत्र पातळ पदार्थच तयार होतो आणि स्फटिकाशी त्याचा सांधा जुळतो. सिझियमच्या खाली शिरणारा प्राणवायू कोठे बसतो, यावरही वाद आहेत. अलीकडे सिझियम आणि टेल्युरियम यांचे अधिक चिवट आवरण देण्याचे प्रयोग चालू आहेत आणि त्यांतून वायूंना न घाबरणारी चकती मिळेल अशी आशा वाटते.

मला या वादाचा खेद होत नाही. आमच्या घराण्यातील वृद्ध वैद्य सहाणेवर मात्रा उगाळून देत, तेव्हा ती का लागू पडते हे सांगण्यापूर्वी ती किती वळसे उगाळावयाची हे ते शिकवीत. या चकतीच्या बाबतीतही आधी हाताला कळले, मग मोजणीला, आणि बुद्धीला कळणे अजून चालू आहे. तोपर्यंत कोठल्या तरी प्रयोगशाळेत आज रात्रीही दिवे मालवलेले असतील, कोणी एक जण काट्याकडे पाहत असेल आणि दुसऱ्याचा हात प्राणवायूच्या झडपेवर असेल. काटा चढू लागला की दोघेही श्वास रोखून धरतील. तो त्यांचा श्वास काही पात्रात शिरणार नसतो. पण सवय जाता जात नाही!